उसुगुराई वेळेचं ताट

तोक्यो, ८ ऑक्टोबर १९७८

ताई,

पत्राची सुरुवात ऋतूने करायची असते, असं मी रोज वर्गात घसा फोडून शिकवते. म्हणून ते आधी उरकून घेते. हवेत गारवा आलाय, रस्त्याकडेच्या झाडांची पानं पिवळी पडू लागलीत, तू आणि तुझ्या सासूबाई तोमेमावशी बऱ्या असाल. झालं. आता कामाचं बोलते.

परदेशी लोकांना जपानी शिकवणं सोपं असतं असं ज्याला वाटतं, त्याला माझ्या वर्गात आणून बसवायला पाहिजे. यंदा मनिलाहून रोहेलिओ नावाचा इंजिनियर आलाय. चांगला चाळिशीचा, जन्म गोदीत गेलेला. गेल्या आठवड्यात धड्यात ‘उसुगुराई’ हा शब्द आला. मी सांगितलं, म्हणजे अंधूक, काळोखाच्या जरा अलीकडचं. उजेडाला लावतात आणि मनालाही लावतात. तर हा पट्टी-पेन्सिल घेऊन बसल्यासारखा विचारतो, “बाई, पण नक्की किती अंधूक? त्याचं माप काय?” सगळा वर्ग हसला. मी म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या अजून उगवायचाय.

इथे तोक्योत उसुगुराई शोधायचं कुठे? साडेचार वाजले की सगळीकडे ट्यूबलाइट. मग आपलं त्सुबाकिहामा आठवलं. तू मला चार वाक्यं पाठव. पुस्तकी नकोत, तुम्ही बोलता तशी. फोनच केला असता, पण तुमचा फोन तोमेमावशींच्या उशाशी, आणि मी एक वाक्य बोलले की त्या मागून तीनदा “काय म्हणते? काय म्हणते?” करतात.

भाऊजींची काही खबर? जूनमध्ये निघाले म्हणजे त्यांची बोट मिसागो मारू आता आफ्रिकेच्या टोकाशी ट्यूना पकडत असेल. तू अजून रोज संध्याकाळी त्यांचं ताट मांडतेस का गं, वाटी-झाकणासकट? चिडवत नाहीये. थोडंसंच चिडवतेय.

योरिको


त्सुबाकिहामा, १५ ऑक्टोबर

योरी,

आमच्याकडे ऋतू वगैरे काही नाही, नुसता वारा आहे. सकाळी शेडमध्ये कालवं सोलते, दुपारी धुणं, संध्याकाळी ताट. हो, मांडते. तू चिडव खुशाल.

आपल्या आईकडे समुद्रावर गेलेल्याचं ताट दिवा लावून मांडायचे. या घरची पद्धत निराळी. सासूबाई म्हणतात, लख्ख उजेडात माणूस लाजून येत नाही आणि मिट्ट काळोखात त्याला वाटी सापडत नाही. म्हणून सूर्य डोंगराआड गेला की ताट मांडायचं आणि उचलेपर्यंत दिवा लावायचा नाही. ह्यांच्या आवडीचं मिसोचं गरम सार त्या काळ्या लाखेच्या वाटीत, वर झाकण, शेजारी भात आणि मुळ्याचं लोणचं. आम्ही दोघी लांब बसतो. जरा वेळाने मी झाकण उचलून आतून बघते आणि सासूबाईंना काय ते सांगते. मग त्या ताट आत नेतात, त्यानंतर दिवा. मांडायचं आणि बघायचं बायकोने, उचलायचं आईने. लग्न झाल्यापासून हे काम माझ्याकडे आहे.

तुझ्या इंजिनियरला सांग, आपला हात दिसतो पण तळहातावरच्या रेषा दिसत नाहीत, तेव्हा उसुगुराई. याहून नक्की माप माझ्याकडे नाही. आता वाक्यं घे.

स्वयंपाकघर उसुगुराई झालं तरी सासूबाई दिव्याला हात लावू देत नाहीत.

बंदरातल्या बर्फाच्या गोदामात भरदुपारीही उसुगुराई असतं.

उसुगुराई वेळेला दारात कोणी आलं तर आपला की परका ते पावलांवरून ओळखायचं.

काही दिवस मन उसुगुराई असतं आणि कोणी कारण विचारलं तर सांगता येत नाही.

शेवटचं वर्गात नाही सांगितलंस तरी चालेल.

हल्ली दिवा लावला की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसतं, चंद्राला खळं पडतं तसं. खाऱ्या हवेने काच धुरकटली असेल. दोनदा पुसली. दिसायला छान दिसतं मात्र.

किनुए


तोक्यो, २४ ऑक्टोबर

ताई,

तळहाताच्या रेषांचं माप वर्गाला इतकं आवडलं की सगळ्यांनी खिडकीचे पडदे ओढून हात वर धरले. मुख्याध्यापक डोकावले तर अंधाऱ्या खोलीत वीस माणसं आपापले तळवे निरखत बसलेली. त्यांना वाटलं, मी हात बघायला शिकवतेय. रोहेलिओने वहीत तुझं नाव घालून लिहून घेतलंय. तू आता मनिलापर्यंत पोचलीस.

पण चौथं वाक्य मी खरंच सांगितलं नाही. ते वाचल्यापासून मला चैन नाही. ताई, काय झालंय? भाऊजी याआधी सहा वेळा लांबच्या सफरीवर गेले, तेव्हा तुझ्या पत्रांत शेजारणींच्या भानगडी असायच्या. कोणाच्या सुनेने कोणाला काय सुनावलं ते मला इथे बसून पाठ असायचं. या वेळी नुसता वारा. मावशींशी काही वाजलं का? की कामाचा ताण आहे? की नुसतंच एकटं वाटतंय? मला सांगायला लाजू नकोस. लहानपणी मी अंथरूण ओलं केलं की ते तू लपवून वाळवायचीस, एवढी आपली ओळख आहे.

योरी


त्सुबाकिहामा, ५ नोव्हेंबर

योरी,

लिहू की नको करत होते. आता लिहून टाकते, पण यातलं अक्षरही सासूबाईंच्या कानावर जाता कामा नये.

झाकण कोरडं आहे.

सप्टेंबर संपता संपता एकदा कोरडं दिसलं. म्हटलं, सार नीट तापलं नसेल. दुसऱ्या दिवशी उकळतं ओतलं. तरी कोरडं. तेव्हापासून रोज उचलते आणि रोज आत नुसता काळा रंग, एक थेंब नाही. आतून घाम आला तर समुद्रावर गेलेला माणूस सुखरूप, हे तुला मी सांगायला नको. आणि नाही आला तर काय, तेही नको.

तू म्हणशील, ताई वेडी झाली. पण तू तेव्हा पाच वर्षांची होतीस, मी चौदाची. लढाई संपल्यानंतरचा तो हिवाळा. बाबांची बोट उत्तरेला गेलेली. आई रोज झाकण उचलून माझ्यापुढे धरायची आणि म्हणायची, “किनु, तुझे डोळे तरुण आहेत, बघ बरं घाम आहे का.” मी बघायचे. ठणठणीत कोरडं. मी म्हणायचे, “नाही गं आई.” रोज विचारायची, रोज मी नाही म्हणायचे. मग बोट आलीच नाही. लोक म्हणाले वादळ. मला आजही वाटतं, एकदा तरी हो म्हणायला माझं काय जात होतं?

म्हणून आता मी हो म्हणते. झाकण उचलते, बघते आणि सासूबाईंना सांगते, “आला हो घाम, भरपूर आलाय.” त्या म्हणतात, “येणारच.” आणि निवांत चहा पितात. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्या तोंडावर मी काय सांगू? संध्याकाळ झाली की कपाळ ठणकायला लागतं. सकाळी उठले की सगळं स्वच्छ, वाटतं उगाच घाबरले. पुन्हा सूर्य कलला की तेच.

किनुए


तोक्यो, ११ नोव्हेंबर

ताई,

पत्र वाचून मी आधी रडले आणि मग मला तुझा भयंकर राग आला. दीड महिना हे एकटीने सोसलंस!

आता माझं ऐक. गरम साराची वाफ गार झाकणाला लागते, तिचं पाणी होतं. त्यात बोटीचा आणि भाऊजींचा काही संबंध नाही. घरात वारा शिरत असेल, झाकण नीट बसत नसेल, हजार कारणं असतील. बोट लावून बघ ना, ओलं लागतंय का. आणि मच्छीमार संस्थेत जा, तिथे बिनतारी संदेश येतात, सरळ विचार मिसागो मारूचं काय चाललंय.

मला विचारशील तर दुखणं झाकणात नाही, तुझ्या मनात आहे. रोज संध्याकाळी अंधारात बसून नवऱ्याच्या काळजीने एका वाटीकडे टक लावून बघायचं, त्यात कोणाचंही मन काळवंडेल. मी मावशींना दोष देत नाही, पण हे जुन्या बायकांचे खेळ आता पुरे. सोबत संत्री पाठवतेय आणि शंभरचा एक बल्ब. तो लाव. घर लख्ख झालं की मनही होईल. आणि नववर्षाला इकडे माझ्याकडे ये, आपण दोघी सिनेमा बघू आणि बाहेर जेवू.

योरी


त्सुबाकिहामा, २० नोव्हेंबर

योरी,

संत्री गोड होती. बाकी पत्र नव्हतं.

जुन्या बायकांचे खेळ म्हणालीस. त्या जुन्या बायकांत आपली आई पण येते. बोट लावून बघ म्हणालीस. झाकणाच्या आत बोट फिरवायचं नसतं, फिरवलं की माणूस पुसला जातो, हे तू विसरलीस का? तोक्योत बरंच विसरायला होतं वाटतं.

संस्थेत जाऊन आले. ओबारा म्हणून कारकून आहेत, म्हणाले, “सगळं ठीक आहे वहिनी, मासळी पण बरी आहे.” ते असंच म्हणतात. शेजारच्या मियोच्या नवऱ्याची बोट उलटली, तेव्हाही आदल्या दिवशी ठीकच होतं. मी हसून आभार मानले आणि बाहेर येऊन भिंतीला टेकून उभी राहिले.

तुझा बल्ब लावला. त्याच्याभोवती तर असं कडं पडलं, लाल, पिवळं, निळं, की मी बघतच राहिले. सासूबाईंना दाखवलं, तर म्हणाल्या, “कुठे काय? नुसता डोळ्यांत खुपतोय.” आणि काढायला लावला. परवा ताट मांडून बसलेले असताना डोकं इतकं फुटायला आलं की उलटी झाली. सासूबाई म्हणाल्या, शिळं कालव खाल्लं असशील. असेल. डावीकडचा अर्धा चेहरा दुखतो. काळजीने दुखतो हे मला कळतं, तू सांगायला नको.

अक्षर तिरकं गेलंय. आज हे संध्याकाळी लिहितेय, ओळ सापडत नाही.

नववर्षाला मी कुठेही येणार नाही. मी नसले तर ताट कोण मांडेल? आधीच झाकण कोरडं, त्यात माझ्या हातून खंड पडला आणि तिकडे ह्यांना काही झालं तर मी जगायचं कसं? एवढं माझ्यावर सोड.

किनुए


तोक्यो, २४ नोव्हेंबर

तोमेमावशींना सविनय,

मी योरिको, किनुएताईची धाकटी बहीण. तुम्हांला आगाऊपणे लिहितेय, त्याबद्दल रागवा, पण पत्र पूर्ण वाचून मग रागवा. आणि ताईला यातलं काही आधी सांगू नका.

ताईचं शेवटचं पत्र आलं तेव्हा आमच्या घरमालकीणबाई शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या. मी बोलता बोलता म्हटलं, ताईला दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखं कडं दिसतं. त्यांच्या हातातली शेंग खाली पडली. त्यांच्या यजमानांना असंच दिसायचं. संध्याकाळी डोकं दुखायचं, उलटी व्हायची, सकाळी बरं. घरातले सगळे पित्त म्हणत राहिले. मग एका थंडीत त्यांचा एक डोळा गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. आधी आणलं असतंत तर वाचला असता.

मावशी, मी इतके दिवस ताईला मनाचं दुखणं आहे समजून संत्री पाठवत बसले.

तुम्हांला एकच विचारायचंय. ती रोज झाकणाला घाम आला म्हणून सांगते. तुम्ही ते झाकण स्वतः बघता का? आत खरंच काय असतं? हे मी का विचारतेय ते तुम्हांला झाकण बघितलं की कळेल. आणि कृपा करून, काय वाटेल ते करा, पण तिला सेन्दाईच्या डोळ्यांच्या इस्पितळात पाठवा. ती माझं ऐकणार नाही. तुमचं ऐकेल.

आपली,
योरिको


त्सुबाकिहामा, २८ नोव्हेंबर

योरिको,

मला लिहिता येत नाही असं नाही, कंटाळा येतो. तरी लिहिते.

झाकण बघता का म्हणून विचारतेस? ताट मीच उचलते. झाकण आडवं झालं की आतलं पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळतं. रोज. एक दिवस नागा नाही. या हिवाळ्यात तर इतका घाम की मी मनात म्हटलं, पोरगा तिकडे चांगलाच राबतोय. ती “आला घाम” म्हणायची तेव्हा आवाज घोगरा यायचा. मला वाटायचं, नवऱ्याच्या आठवणीने भरून येतंय. म्हटलं, बरं आहे, या वयातही प्रेम आहे. अशी मी शहाणी.

तुझं पत्र काल दुपारी आलं. संध्याकाळी ताट मांडलं. तिने झाकण उचललं, म्हणाली, “आला हो घाम.” मी म्हटलं, “किनुए, किती आलाय?” ती म्हणाली, “भरपूर.” मी म्हटलं, “किती थेंब दिसतात ते सांग.” तिने झाकण डोळ्यांच्या अगदी जवळ नेलं. मग मी उठले. माझे गुडघे असे वाजले की मांजर पळालं. तिच्याजवळ जाऊन तिचं बोट धरलं आणि झाकणात आतून फिरवलं. ती किंचाळली, “आई, पुसलं जाईल!” मी म्हटलं, “पुसलं गेलं तर माझा लेक पुसला जाईल, त्याची आई मी आहे, जबाबदारी माझी.” आणि चांगलं गोल फिरवलं.

बोट ओलंचिंब. तिने ते डोळ्यांसमोर धरलं, मग गालाला लावलं, मग ओठांना लावून चव घेतली. आणि नंतर अशी रडली की शेजारची मियो हातात चमचा घेऊन धावत आली. तिला वाटलं, बोटीची तार आली.

तर तो सुखरूप आहे. तो कायमच सुखरूप होता. माझी सून आंधळी होत चालली होती आणि मी तिला दिवा लावू देत नव्हते.

अजून ऐकत नाही ती. म्हणते, मी इस्पितळात गेले तर ताट कोण मांडणार? मी म्हटलं, अगं, तुझं लग्न व्हायच्या आधी तो काय समुद्रावर हवा खाऊन जगत होता? ताट मी मांडीन. आता कबूल झालीय, पण उद्यापर्यंत टिकेल की नाही सांगता येत नाही. मला सेन्दाईच्या स्टेशनातले जिने चढवत नाहीत. तू ये. शाळेला काय सांगायचं ते सांग. ताबडतोब ये.

तोमे


त्सुबाकिहामा, १९ डिसेंबर

ताई,

ज्या नर्सबाई हे वाचून दाखवतायत त्यांना आधी नमस्कार. बाई, माझं अक्षर वाईट आहे आणि ताई मध्ये मध्ये “पुन्हा वाचा” म्हणेल, तेव्हा सवड काढून बसा.

ऑपरेशननंतर तुला तिथे डोळ्यांवर पट्ट्या बांधून सोडून यायला माझा पाय निघत नव्हता. पण तूच ताटाचा घोष लावलास, म्हणून आले. मावशींनी स्टेशनवर न येता दारातूनच हाक मारली, “आलीस? हात धू, मुळा किस.” अजून किसतेच आहे.

डाव्या डोळ्याचं डॉक्टरांनी तुला स्वतःच सांगितलं, ते बरं झालं. मला ते तोंडातून काढता आलं नसतं. उजव्याचं पट्टी निघाली की कळेल. तो दिवस येईपर्यंत मी इथे दर वेळी टेलिफोन वाजला की दचकते. डॉक्टरांनी बाहेर मला काय विचारलं माहीत आहे? ही संध्याकाळी काय काम करते? मी ताटाचं सांगितलं. ते म्हणाले, अंधूक उजेडात डोळ्याची बाहुली मोठी होते, तुझ्या डोळ्यांची ठेवणच अशी की त्या वेळी आतल्या पाण्याची वाट बंद होते आणि दाब चढतो. म्हणून संध्याकाळी सगळं धुरकट, सकाळी पुन्हा स्वच्छ. जे थेंब बघायला तू रोज त्या अंधुकात बसत होतीस, ते त्या बसण्यानेच दिसेनासे झाले होते. हे मी मावशींना सांगणार नव्हते. पण त्यांनी माझ्या तोंडाकडे बघून काढून घेतलं.

त्या संध्याकाळी त्यांनी ताट मांडलं आणि सरळ उठून दिवा लावला. माझाच तो शंभरचा बल्ब, कपाटात कागदात गुंडाळून ठेवला होता. मी म्हटलं, “मावशी, उजेडात माणूस लाजून येत नाही ना?” त्या म्हणाल्या, “येईल. तीस वर्षं वादळात काढली त्याने, बल्बला घाबरतो की काय.” थोड्या वेळाने आत गेल्या आणि दुसरं ताट घेऊन आल्या. तुझं. त्यात लोणचं कमी घातलं, इस्पितळात चालणार नाही म्हणून. दोन्ही झाकणं मी उचलली. ताई, तुझ्या झाकणाचा घाम चटईवर ठिबकला. मी जुन्या बायकांचे खेळ म्हणाले होते. आता रोज चारपासून सार गरम आहे की नाही ते मीच तीनदा बघते.

ओबारा येऊन गेले. बोटीवरून भाऊजींचा निरोप आहे: मासळी बरी, तब्येत बरी, लोकरीचे मोजे पाठवा, गेल्या वेळचे आखूड होते. तुझ्याबद्दल त्यांना अजून कळवलेलं नाही. मावशी म्हणाल्या, मोज्यांबरोबर कळवू.

आता एक गोष्ट. लिहावी की नाही, कळत नव्हतं. काल तांदूळ धुताना मी मावशींना विचारलं, “मग आमच्या बाबांचं झाकण कोरडं का होतं? ताईचे डोळे तर तेव्हा तरुण होते.” त्या धुता धुताच म्हणाल्या, “कोरडं नाही तर काय असणार. त्या हिवाळ्यात तुमच्या घरात सरपण होतं का? ओली लाकडं, तीही सकाळी एकदाच पेटायची. तुझी आई सकाळचं बटाट्याचं पाणी संध्याकाळी तसंच वाटीत ओतायची. गार पाण्याला घाम कुठून येणार?” मी विचारलं, आईला हे कळत नव्हतं का? त्या म्हणाल्या, “कळत होतं. गावातल्या सगळ्या बायकांना कळत होतं. पण झाकण उचलल्यावर विचारल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. आणि तुम्हा दोघी पोरींना कोणी काही सांगितलं नाही.”

म्हणजे ताई, ते झाकण कोरडंच असणार होतं, बोट परत आली असती तरी. तू हो म्हटलं असतंस किंवा नाही म्हटलं असतंस, त्याने काही झालं नसतं. हे तुला इतकी वर्षं कोणी तरी सांगायला हवं होतं.

योरी


सेन्दाई, २६ डिसेंबर

योरी,

हे मी माझ्या हाताने लिहितेय. नर्सबाई शेजारी उभ्या राहून रागावतायत, पाचच मिनिटं म्हणतात. अक्षरं मोठी काढलीत, वाचताना हसू नकोस.

आज पट्टी काढली. खिडकीचा पडदा अर्धा ओढलेला होता. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतं? मी उजवा हात वर धरला. आधी नुसता हात. मग हळूहळू रेषा दिसल्या. सगळ्या. तुझ्या इंजिनियरला कळव.

तुझं ते पत्र नर्सबाईंनी पट्टी असतानाच वाचून दाखवलं होतं. सरपणाचं आलं तिथे त्या थांबल्या, म्हणाल्या, पुढे वाचू ना? मी म्हटलं, वाचा. तुला वाटलं असेल, ताईच्या छातीवरचा धोंडा उतरेल. मलाही वाटलं, उतरेल. रात्रभर मी वाट बघितली. पण माझ्या मनात तेव्हापासून एकच फिरतंय. म्हणजे बाबा शेवटपर्यंत गारच जेवले.

इतक्या वर्षांत मी आईचं रडणं आठवलं, झाकण आठवलं, माझं नाही म्हणणं आठवलं. वाटीत काय होतं ते कधी आठवलं नाही.

माझं एक काम कर. सासूबाईंना म्हणावं, आता तिसरं ताट मांडा, बाबांचं. गेलेल्या माणसाला देव्हाऱ्यापुढे ठेवतात, हे मला कळतं. तसं नको. लांबच्या प्रवासाला गेलेल्या माणसासारखं, आमच्या दोघांच्या ताटांशेजारी. त्यांना बटाटे आवडायचे. भरपूर घाल, तिखट जरा जास्त, आणि सार चुलीवरून उतरवलं की धावत आण. दिवा लागलेला असू दे. झाकण तू उचल. तेव्हा तू लहान होतीस, तुला कोणी विचारलंच नव्हतं.

आणि सार इतकं उकळतं असू दे, योरी, की घाम आहे का म्हणून कोणाला विचारायची वेळच येऊ नये.

किनुए